यंदा पावसाची वही कोरी आहे

(पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. नाव-गाव वगळलं आहे, थोडं आखूड केलं आहे. भाषा त्यांचीच.)

“ताई, पोरगा २० वर्षांचा आहे. सात वर्षांचा होता तवा नागपूरले दाखवलं, ऑटिझम सांगितला. बोलते कमी पण हुशार. बारावी झाला, पुढं जमलं नाही, घरीच राह्यते. माघात आमचे वडील वारले. हा रडला बी नाही. तेरवीले लोकांले इचारत होता का बुंदी किती किलो केली. लोकं म्हणे याले काई वाटतच नाही. त्याच्यानंतर हळूहळू आंघोळ सुटली. पहिले साडेसहा म्हंजे साडेसहा, घड्याळ लावून घ्यावं. आता एकच सदरा. पॅन्ट ढिली झाली, सुतळी बांधून फिरते. रातभर अंगणात चकरा. कुकरची शिट्टी झाली का डोक्शावर बुक्क्या मारून घेते, आईले बी लागलं दोनदा. दिवसभर देवघरापुढं बसून राह्यते. पेपरातल्या निधन वार्ता वाचते आन् मले म्हणते, आबाजी ७४, तुमी ५१, राह्यले २३. असं अभद्र बोलते. तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं ऑटिझममध्ये असंच असते, झोपेची गोळी दिली. गावात म्हणते बाहेरचं झालं. कोणी म्हणते लगन करून द्या, सुधरते. आळशी झाला, जिद्दी झाला का खरंच काई झालं, समजत नाही.”

खाली दुसऱ्या अक्षरात, दुसऱ्या पेनानं एक ओळ: “यंदा त्यानं पावसाची वही उघडली नाही. त्याची आई.”

भाऊ,

तुमची दोन पानं मी वाचली आणि वहिनींच्या त्या एका ओळीपाशी थांबले. वही कसली ते पत्रात नव्हतं, म्हणून तुमच्या नंबरवर फोन केला. तुम्ही वावरात होता, वहिनींनी उचलला. त्यांनी सांगितलं ते वाचणाऱ्यांसाठी इथे लिहिते. पोरगा सहावीत असताना आबाजींनी त्याला एक डबा दिला, वर-खाली सारखाच रुंद. असा डबा उघड्यावर ठेवला की आत जितके मिलिमीटर पाणी साचतं तितका पाऊस. रोज सकाळी दोघं मिळून मोजायचे. मृगापासून स्वातीपर्यंत तारीख, नक्षत्र, त्याचं वाहन आणि आकडा. अशा नऊ वह्या झाल्या. पेरणीच्या वेळी शेजारपाजारचे विचारायला यायचे आणि हा तोंडावर सांगायचा, “अजून १०० झाला नाही, पेरू नका.” यंदा मृग गेला, आर्द्रा गेलं. वही तशीच फडताळात.

पोरगा आळशी झालेला नाही, जिद्दीही झालेला नाही. मला हे डिप्रेशन दिसतं, नैराश्य. पत्रावरून पक्कं निदान होत नसतं, ते मनोविकारतज्ज्ञांनी त्याला बघूनच करायचं. पण “ऑटिझममध्ये असंच असते” हे उत्तर मला पटत नाही.

ऑटिझम जन्मापासूनचा, मेंदूची घडणच वेगळी. तो सातव्या वर्षी होता, पंधराव्या वर्षी होता, मागच्या दिवाळीतही होता. साडेसहाची आंघोळ हा त्याचा ऑटिझम होता. ती आंघोळ सुटली, हे काहीतरी नवीन आहे. माणसाच्या कागदावर एक आजार लिहिलेला असला की पुढचं सगळं त्याच खात्यात टाकायची सवय आमच्या क्षेत्रातही आहे, चांगल्या डॉक्टरांनाही आहे. त्यात नैराश्य वर्षानुवर्षं लपून राहतं. आणि ते काही दुर्मीळ नाही. ऑटिझम असलेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण चौपट, असं अभ्यासांतून दिसलं आहे.

मग ते ओळखू का येत नाही? आपण उदास माणूस चेहऱ्यावरून ओळखतो. उतरलेलं तोंड, भरलेले डोळे, “कशातच मन लागत नाही” असं बोलणं. तुमच्या पोराचा चेहरा आनंदातही फारसा हलत नसेल, तर दुःखात तो उतरणार कसा? आणि बोलण्याचं म्हणाल, तर ऑटिझम असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना स्वतःच्या आत काय चाललंय त्याला नावच देता येत नाही. वाटतं भरपूर, शब्द सापडत नाही. माझ्याकडे एक मुलगी यायची. पहिल्या दिवशी मी विचारलं, “मन कसं आहे तुझं?” तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, “कुठं असते ते?” मी तेव्हा नवीन होते, मला ते उर्मट वाटलं. तिला खरंच पत्ता हवा होता.

म्हणून अशा माणसाचं नैराश्य बघायचं तर त्याची तुलना इतर पोरांशी करायची नाही, त्याच्याशीच करायची, सहा महिन्यांपूर्वीच्या त्याच्याशी. झोप बदलली का? बदलली. जेवण? सुतळीच सांगते आहे. आवाज आधी किती सोसायचा आणि आता किती? कुकर तर तुमच्या घरी वीस वर्षं शिट्ट्या देतोय. शिट्टी तीच आहे, सोसायचं बळ संपलंय. डोक्यावर बुक्क्या, आईला लागणं, याला आपण राग म्हणतो. पुष्कळदा ते ओसंडून वाहणं असतं. जमणाऱ्या गोष्टी सुटत जाणं, बोलणं आणखी कमी होणं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणं, हेही याच वाटेनं येतं.

तुम्ही कापूसवाले आहात, तुम्हाला सांगायला नको. पऱ्हाटीला ताण बसला की ती आधी पात्या, म्हणजे कळ्या, टाकते. झाड आळशी झालं असं आपण म्हणत नाही, पातेगळ म्हणतो आणि मुळाशी काय झालं ते बघतो.

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे वही. अशा मुलांचा जीव एखाद्या गोष्टीत असतो, आपल्याला ती छंद वाटते, त्यांच्यासाठी ते घर असतं. नैराश्यात तिथे दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ती आवड विझते, किंवा तीच बुद्धी काळ्या गोष्टीकडे वळते. तुमच्याकडे दोन्ही झालंय. पावसाचे आकडे थांबले आणि निधनाच्या वार्तांमधली वयं सुरू झाली. ७४ मधून ५१ गेले, २३. भाऊ, ते अभद्र नाही. ज्या माणसाबरोबर रोज सकाळी तो डब्यात बघायचा तो माणूस एका रात्रीत गेला. आता पुढचा कोण, केव्हा, आणि मग माझं काय, हा प्रश्न तो त्याला येणाऱ्या एकमेव पद्धतीनं सोडवतोय. वजाबाकीनं. तो तुम्हाला शाप देत नाही, तुम्हाला गमवायला घाबरतोय असं मला वाटतं.

बुंदीचंही तसंच. घरात रडारड, पन्नास माणसं, मंडप, धूर. त्यात धरायला हाती लागेल असा एकच आकडा त्याला सापडला, किती किलो. दुःख या मुलांत कधी कधी महिन्यांनी वर येतं, आणि ते डोळ्यांतून न येता झोपेतून आणि हातांतून येतं. “याले काई वाटत नाही” म्हणणाऱ्यांना हे वाचून दाखवा.

आता देवघराचं. आबाजी गेले तेव्हा तुम्ही त्याला काय सांगितलं? “आबाजी देवाघरी गेले” असंच ना? आपण सगळेच म्हणतो. पण शब्द तो शब्दाप्रमाणेच घेतो. तुमच्या घरात देवाचं घर एकच आहे, आणि तो त्याच्यापुढे बसलाय. माझा हा अंदाज चुकीचाही असेल. बारावी झालेल्या मुलाला मरण म्हणजे काय ते माहीत नाही असं मी म्हणत नाही. तरी एकदा त्याच्या शेजारी बसा, समोर नाही, शेजारी, आणि सरळ सांगा: “आबाजी मरण पावले. त्यांचं शरीर बंद पडलं. ते परत येणार नाहीत. मलाही त्यांची आठवण येते.” कागदावर लिहून दिलंत तर आणखी बरं. ऐकलेलं विरून जातं, लिहिलेलं त्याला पुन्हा वाचता येतं.

असंच सरळ आणखी एक विचारायचंय, आणि ते या आठवड्यातच. “मरावंसं वाटते का? स्वतःला मारायचा विचार येते का?” याच शब्दांत. “जिवाचं बरंवाईट” वगैरे आडून विचाराल तर तो म्हणेल “बरं” की “वाईट” तेच कळलं नाही. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार घुसतो ही समजूत खोटी आहे. उत्तर “हो” आलं, किंवा उत्तरच आलं नाही आणि तुमच्या पोटात कालवलं, तर त्याला एकटं सोडू नका आणि दवाखान्यात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या मदतसेवेचा, सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजताही लावा. आणि उत्तर काहीही येवो, फवारणीची औषधं आजच घराबाहेर काढा. भावाकडे, शेजाऱ्याकडे, कुलपात, किल्ली त्यांच्याकडे. आपल्या भागात हे मी प्रत्येकच घराला सांगते, त्यात तुमच्या पोराचा अपमान नाही.

दवाखाना. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात आहे, जुने कागद नागपूरचे असतील तर तिथेही चालेल. जवळचं धरा, कारण एका फेरीत काम होणार नाही. ओपीडीची गर्दी त्याला सोसणार नाही. तुम्ही रांगेत राहा, वहिनी आणि तो बाहेर झाडाखाली, नंबर जवळ आला की फोन. आदल्या रात्री त्याला लिहून द्या: कोणती एसटी, किती वाजता, डॉक्टर काय विचारतील, रक्त काढतील का, परत केव्हा. एसटी लेट होऊ शकते हेही लिहा, नाही तर तेवढ्यावरून दिवस फिसकटेल.

डॉक्टरांपुढे तुमचं पहिलं वाक्य हे असू द्या: “हे याचं नेहमीचं नाही.” मग एक कागद द्या, मधे रेघ मारलेला. डावीकडे आधी, उजवीकडे आता. आंघोळ, झोप, जेवण, बोलणं, आवाज, वही. वह्याही न्या, भरलेली शेवटची आणि यंदाची कोरी. पाच मिनिटांच्या ओपीडीत तो कागद तुमच्या वीस मिनिटांच्या बोलण्याचं काम करेल. झोपेच्या गोळीची स्ट्रिपही दाखवा. ती आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

अंगाची तपासणीही मागून घ्या. दात, कान, पोट साफ होतं का, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. ज्याला दुखणं नीट सांगता येत नाही तो ते मारून दाखवतो. डोकं आपटणारा एक मुलगा माझ्या पाहण्यात आहे, त्याच्या अक्कलदाढेत पू निघाला. सगळे दोन महिने त्याच्या मनावर बोलत होते.

नैराश्याचं औषध सुरू झालं तर डॉक्टरांना विचारा, कमी मात्रेनं सुरू करून हळू वाढवता येईल का. ऑटिझम असलेल्यांना ही औषधं कधी कधी सुरुवातीला जास्त बाधतात, बेचैनी वाढते, झोप आणखी उडते. तसं झालं तर गोळी फेकून देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. फरक दिसायला काही आठवडे लागतात. समुपदेशन मिळालं तर उत्तम, पण “भावना मोकळ्या कर” छापाचं नको. त्याला लिहून, आकड्यांत, तक्त्यात काम करणारा माणूस लागेल. आकड्यांत तर हा सगळ्यांच्या पुढे जाईल.

एका गोष्टीला मात्र ओपीडीचा वार बघत बसायचं नाही. तो एकाच जागी ताठ होऊन तासन्‌तास उभा राहिला, हातातला घास हातातच राहिला, पाणीही पिईना, बोलणं पूर्ण बंद झालं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. तो वेगळा आजार आहे, त्याला इलाज आहे, पण उशीर परवडत नाही.

घरी काय करायचं? कमी करायचं. आंघोळीवरून रोज भांडण होतं ते थांबवा. ओल्या टॉवेलानं अंग पुसलं तरी चालेल, दोन दिवसांआड चालेल. तोच सदरा हवा असेल तर तसाच आणखी एक शिवून घ्या. कुकर लावायच्या आधी वहिनींनी सांगावं, “आता तीन शिट्ट्या होतील,” आणि तो मागच्या अंगणात गेला तर जाऊ द्यावं. मशीनवर काम करणारे लोक कानांवर लावतात ते साधन तालुक्याला हार्डवेअरच्या दुकानात मिळतं का बघा. कानात कापूस घालून फार भागत नाही, तुमच्या घरी तो कितीही असला तरी. डोक्यावर मारून घेताना हात धरू नका, उशी मधे सरकवा आणि बोलणं थांबवा. त्या वेळी आपला समजुतीचा शब्दही त्याला आणखी एक शिट्टीच असते. जेवायची वेळ आणि झोपायची वेळ एवढ्या दोन गोष्टी रोज तशाच ठेवा, बाकी ढिलं सोडा. एप्रिल-मेचा तो ४५ अंशांचा उकाडा, रात्रभर कूलरचा घरघराट, मधेच लाइट जाणं, हे सगळं आधीच त्याच्या अंगावरून गेलंय. थकलेल्या माणसाला “बाहेर पड, कामात मन रमव” असं ढकललं तर तो आणखी खचतो. आधी विसावा, मग थोडं थोडं काम.

बाहेरचं झालं म्हणणाऱ्यांशी वाद घालत बसू नका, पण त्याला तिथे नेऊही नका. ढोल, धूप, अंगावर येणारी गर्दी, हे त्याच्यासाठी मारच आहे. आणि भूत उतरवायला कोणी हात उचलला तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा होतो, हे ऐकवून ठेवा. लग्नाचं डोक्यातून काढा. कोणाची लेक म्हणजे औषध नव्हे.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, नसेल तर जिल्हा रुग्णालयातून करून घ्या. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, त्यात एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. आणि तुमच्यामागे त्याचं कोण बघेल हे घरात ठरवाच. ठरलं की त्याला लिहून द्या, नावानिशी. त्या २३ च्या पुढे काय, ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

राहिला डबा. वहिनी म्हणाल्या, गोठ्याच्या माळ्यावर पडला आहे. तो उतरवा आणि आबाजी ठेवायचे त्या जागी अंगणात ठेवा. त्याला “चल मोजू” म्हणू नका, “बघ किती छान पाऊस” तर मुळीच नको. सकाळी तुम्ही स्वतः मोजा. फूटपट्टी तिरपी धराल, चुकाल. तो दारातून बघेल किंवा बघणार नाही. आकडा मात्र रोज एका सुट्या कागदावर लिहून ठेवा. त्याच्या वहीत लिहू नका, तिथे दुसऱ्याचं अक्षर त्याला चालणार नाही. पुढे कधी त्यानं मागचा पाऊस मागितला, तर तारखेसकट देता आला पाहिजे.